वर्षाची रजा

शनिवार, ४ मार्च १९९५

वर्षा आजही हॉस्टेलवरून घरी आली नाही. किसनच्या दुकानातल्या फोनवर निरोप ठेवला - "नानांना सांगा, दुसरीची ड्यूटी अंगावर आली." किसनने निरोप पाटीवर लिहून ठेवला होता. ड्यूटीतला टी दीर्घ काढायचा विसरला होता. मी खडू घेऊन दुरुस्त केला. म्हणाला, "नाना, तुम्ही कारखान्यात कलर मास्टर, इथे अक्षर मास्टर."

म्हणू दे. चुकीचं अक्षर मला बघवत नाही. शाळा सातवीपर्यंत, ती पण अमळनेर तालुक्यातली. गुजराती शिकलो सुरतेतल्या दुकानांच्या पाट्यांवरून, इंग्रजी रंगाच्या डब्यांवरून. कुणापुढे मांडी घालून बसलो नाही. आणि पोरगी एम.बी.बी.एस. होऊन आता एम.डी. करते आहे.

हिने पोरीसाठी कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. आम्ही दोघांनी खाल्ल्या.

सोमवार, ६ मार्च

कारखान्याच्या गाडीत भटू शेजारी बसला. लिंबायतपासून पलसाण्यापर्यंत याची जीभ थांबत नाही. "काय नाना, डॉक्टरीनबाई घरी येतात का नाही?" मी म्हटलं, पहिलं वर्ष आहे, तिथे घरदार विसरावं लागतं. रात्रपाळी झाली की तशीच दिवसपाळी, मध्ये झोप मिळाली तर मिळाली.

भटू म्हणाला, "आपल्या जेटला पण धुवायला बंद ठेवता राव." जेट म्हणजे आमचं कापड रंगवायचं मशीन.

"मशीन बंद ठेवावं लागतं. माणसाला जिद्द असते," मी म्हटलं.

गप्प झाला. गप्प होणारच. गेल्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा हा बायकापोरांना घेऊन पहिल्या गाडीने खानदेशात पळाला होता. अर्धी लिंबायत पळाली होती. वर्षा वॉर्डात होती, तोंडाला फडकं बांधून. परत आल्यावर हे लोक गाडीत मला खिडकीची जागा देऊ लागले. मी मागितली नव्हती.

गुरुवार, ९ मार्च

डबा घेऊन हॉस्पिटलला गेलो. वॉर्डाच्या दारात नातेवाइकांची गर्दी. वर्षा आतून आली. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात रक्ताच्या नळ्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, बहार ऊभा रहो."

मी म्हटलं, "वर्षा."

तिने परत बघितलं. मग म्हणाली, "नाना होय."

डबा घेतला, खिडकीत ठेवला. "वेळेवर जेव," म्हटलं. "हो," म्हणाली आणि आत गेली.

घरी येऊन हिला सांगितलं - पोरगी इतकी कामात आहे, बाप ओळखू आला नाही! मला बरं वाटलं होतं सांगताना. पोळपाट धुतलेलाच होता, हिने तो परत धुतला.

मंगळवार, १४ मार्च

फोन नाही. काम नेहमीचं.

शुक्रवार, १७ मार्च. धुळवड

रंगाला मी हात लावत नाही. वर्षभर तोच धंदा आहे. दारात बसून पेपर वाचत होतो, किसन कपाळाला गुलाल लावून आला. फोन आला होता म्हणे. वर्षाच्या खोलीत राहणारी नियती, ती गुजराती डॉक्टरीन, तिचा.

किसनला मी सांगून ठेवलं आहे, निरोप असेल तसा सांगायचा, आपली भर घालायची नाही. त्याने सांगितला तसा - "वर्षाबेनने रजा आपी दीधी छे. काले घेर आवशे. एना पप्पाने कहेजो."

म्हणजे वर्षाला रजा मिळाली. उद्या येते.

किसन घुटमळला. "नाना, रजा म्हणजे त्यांच्यात-"

मी म्हटलं, "रजा म्हणजे रजा. मराठीत तीच, गुजरातीत तीच. मला शिकवतो का?"

"नाही बा," म्हणाला आणि गेला.

मला रजेचं आवडलं नाही. मी कारखान्यात शेवटची रजा कधी घेतली ते आठवावं लागेल. पण हिने लगेच तांदूळ भिजत टाकले.

शनिवार, १८ मार्च

वर्षा आली. नियती रिक्षाने सोडायला आली होती. पिशवी नियतीच्याच हातात. वर्षा वाळली आहे. रंग उतरला आहे, वापरून धुऊन उतरतो तसा.

मी पहिलंच विचारलं, "मग तुझी ड्यूटी कोण करतंय?"

नियतीने वर्षाकडे बघितलं. वर्षा म्हणाली, "करतंय कोणीतरी."

"रजा मागितलीस कशाला? काही कारण?"

"मागितली नाही नाना. दिली."

हे वेगळं झालं. म्हणजे सरांनी काम बघून आपणहून दिली. असं असेल तर ठीक. नियतीला चहा घे म्हटलं तर थांबली नाही. जाताना हिच्याशी दारात काहीतरी बोलली. हिला गुजराती धड येत नाही, काय समजलं असेल कोण जाणे.

वर्षा न जेवता झोपली.

सोमवार, २० मार्च

गाडीत सांगितलं. मोठ्या सरांनी स्वतः रजा दिली, न मागता. भटू म्हणाला, "आपला शेठ तर मयतीला देत नाही." सगळे हसले. मीही.

घरी आलो तर वर्षा झोपलेलीच. सकाळी पण झोपलेलीच होती. उठवायला गेलो तर ही आडवी आली - "तिले जपू द्या." आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. मी घरातसुद्धा शुद्ध बोलतो, ही सोडत नाही.

किती झोपायचं माणसाने?

बुधवार, २२ मार्च

वर्षा उठून बसते. ताट समोर ठेवलं की ताटाकडे बघते. "भाजीत मीठ बरोबर आहे?" विचारलं तर "हो" म्हणाली. मीठ घालायचं राहिलं होतं.

हाताच्या पाठीवर शाईचा डाग पडला आहे, निळा-हिरवा, कडेने पिवळट. पेन गळत असेल. धू म्हटलं. "हो," म्हणाली.

रजा किती तारखेपर्यंत विचारलं. "बघू." हे काय उत्तर झालं? रजेला तारीख असते.

शुक्रवार, २४ मार्च

अर्ध्या दिवसाची सुटी टाकून हॉस्पिटलला गेलो. म्हटलं आपणच रजेची तारीख नीट विचारून येऊ, पोरीची नोंद खराब नको व्हायला.

ऑफिसात क्लार्कने रजिस्टर उलटंसुलटं केलं. "केवी रजा, काका? अरजी ज नथी." मी म्हटलं, सरांनी तोंडी दिली असेल. तो म्हणाला तोंडी रजा इथे कोणाला मिळत नाही. मी आवाज चढवला. माझी मुलगी न सांगता घरी बसणाऱ्यातली नाही, म्हटलं, प्लेगात-

नियती तिथून चालली होती. तिने मला हाताला धरून बाकावर नेलं. कॉरिडॉरमध्ये, पेशंटांच्या रांगेजवळ.

"काका, में फोन पर शुं कह्युं हतुं?"

मी सांगितलं, जसंच्या तसं. रजा आपी दीधी छे.

"हा. रजा. डिस्चार्ज. ए तो दाखल हती ने, काका. अमारा ज वॉर्डमां."

पेशंटला दवाखान्यातून घरी सोडतात, त्याला सुद्धा हे लोक रजाच म्हणतात. मी सुरतेत इतकी वर्षं राहिलो, पण दवाखान्यात कधी पडलो नाही. मला कारखान्यातली रजा तेवढी माहीत.

बाकीचं तिने हिंदीत सांगितलं, मला नीट समजावं म्हणून. वॉर्डात चादरी ठेवायची खोली आहे. तिथे वर्षा जमिनीवर बसलेली सापडली. हाक मारली तर बघत होती, बोलत नव्हती. पाणी पाजलं तर तोंडात धरून ठेवलं, गिळलं नाही. मग बाजूच्या खोलीत पलंगावर घेतलं, सलाइन लावलं. मनाच्या डॉक्टरांनी येऊन बघितलं. बोलायला लागली तेव्हा नियतीने विचारलं, घरी कळवू? नको म्हणाली.

मी विचारलं, का नको?

नियती म्हणाली, "वो बोली, नाना पूछेंगे मेरी ड्यूटी किसने की."

बाकावर बसून राहिलो. समोर एक म्हातारी संत्रं सोलत होती. तिने मला एक फोड दिली. मी खाल्ली.

नंतर सरांना भेटलो. वयस्कर आहेत. त्यांचेही डोळे लाल होते. म्हणाले, सोमवार तीन तारखेपर्यंत जागा ठेवतो. आली तर बघू, काम हलकं देऊ. नाही आली तर लिहून द्यावं, मग मला दुसऱ्याला घ्यावं लागेल. जागा गेली की परत मिळणार नाही, तेही सांगितलं. माझ्या चुकलेल्या गुजरातीला हसले नाहीत.

शनिवार, २५ मार्च

कामावर गेलो. आलो.

रविवार, २६ मार्च

हिला सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होतो. ही डाळ निवडत होती. मी म्हटलं, वर्षाची ती रजा, ती खरी रजा नाही.

ही म्हणाली, "माले पहिल्याच दिनले समजनं."

"कसं?"

"पोरना हात दखा नही का तुम्ही? सुईना डाग शे तो."

निळा-हिरवा, कडेने पिवळट. सलाइनची सुई टोचून रक्त साकळलेलं. आणि मी तिला साबणाने धुवायला लावलं होतं.

"सांगितलं का नाहीस मला?"

हिने सुपातून खडा काढला, बाजूला ठेवला. "तुम्ही गाडीमा सांगी उनात ना, सायबनी रजा दिधी म्हनीसन." गाडीत मी काय बोललो ते भटूच्या बायकोकडून हिच्यापर्यंत आलं होतं. "मंग मी काय सांगू?"

नंतर म्हणाली, "तुम्हले रंग समजतस. पोर नही समजनी."

मी उठून बाहेर गेलो. राग आला नाही. यायला हवा होता.

सोमवार, २७ मार्च

एक लॉट परत आला. बदामी साडीचा. पार्टीने नमुना सोबत पाठवला. दोन्ही उन्हात धरून बघितले. आमचा लॉट चक्क गुलाबी मारत होता. पास मीच केला होता, शनिवारी. सही माझी.

शेठ ओरडला नाही, त्याला वाटलं मशीनची चूक. भटू म्हणाला, "नाना, चष्मा लागला का म्हातारपणी?"

पास करताना मी बघत होतो. नमुना डाव्या हातात, कापड उजव्या हातात, खिडकीशी उभं राहून, नेहमीसारखं. फरक दिसला असणार. दिसला आणि काही वाटलं नाही. पुढचा लॉट आणा म्हणालो.

बुधवार, २९ मार्च

आज सकाळपाळी, दुपारी घरी. ही बाजारात गेलेली. वर्षा भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसलो. म्हटलं, मी हॉस्पिटलला जाऊन आलो. नियती भेटली.

"हं."

"नक्की काय होतंय तुला?"

तिने पाय पोटाशी घेतले. मग बोलली.

"एक बाबा होते पाच नंबरला. उधन्याचे. पहाटे गेले. त्यांची मुलगी पलंगाला धरून रडत होती. माझ्याएवढी असेल. मला वाटलं, ही जरा सरकली तर मला पलीकडचा पेशंट बघता येईल."

"बरं."

"तेवढंच वाटलं, नाना. दुसरं काहीच नाही वाटलं. मी तिला म्हटलं, बेन, थोडा खसो. जरा सरका. आणि ती सरकली."

मी म्हटलं, "कामाच्या ठिकाणी होतं असं. सवयीने-"

"हो," म्हणाली. मिठाला म्हणाली होती तसं.

मी बोलायला नको होतं. ती आणखी काही सांगणार होती की काय कोण जाणे. नंतर म्हणाली, "प्लेगात भीती वाटायची. ते बरं होतं." आणि कुशीवर वळली.

मी तिथेच बसलो. रडावं अशी जागा होती ती. मला पण काही आलं नाही. पंख्याचा आवाज येत होता, त्याचा हूक सैल झाला आहे, तो बसवायला हवा, असं मनात आलं.

गुरुवार, ३० मार्च

पंखा बसवला.

शनिवार, १ एप्रिल. गुढीपाडवा

गुढी उभारली. वर्षाने कडुनिंब खाल्ला, तोंड वाकडं केलं नाही.

समोरच्या सुभद्राबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. पोराला ताप. "डॉक्टरीन घरी शे ना? जरा नाडी बघाले सांगा." आजपर्यंत गल्लीतलं कोणी आलं की मीच वर्षाला हाक मारायचो, जेवत असली तरी. मला ते आवडायचं. ती हात धुऊन यायची, मी शेजारी उभा राहायचो.

मी म्हटलं, "घरी नाही."

"तिची ओढणी वाळी राहिनी ना दोरीवर."

"ओढणी आहे. ती नाही."

सुभद्राबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. "बरं भाऊ. सण शे, खोटं कशाले बोलतस?" आणि गेल्या. आता गल्लीभर होईल.

आत आलो. वर्षाने ऐकलं होतं. "मी बघितलं असतं नाना. ताप काय, बघता येतो."

"माहीत आहे."

"मग?"

ती माझ्याकडे बघत होती. किती दिवसांनी बघितलं.

रविवार, २ एप्रिल

उद्या तीन तारीख.

एप्रन इस्त्री करून आणला. खुंटीला लावला. वर्षाने त्याच्याकडे बघितलं, जसं दुसऱ्या कोणाचं वाळत असावं.

जेवताना ही म्हणाली, "सकाय काय?" म्हणजे उद्या काय. तिघंही जेवत राहिलो.

मनात मांडून बघतो. जागा गेली तर परत नाही. एवढी वर्षं, आम्हा तिघांची. गाडीतले, गल्लीतले, गावाकडचे. भटूचं तोंड. हे सगळं खरं आहे, खोटं कशाला लिहू. आणि वर्षा कामावर गेली तर सर हलकं काम देतील म्हणतात, पण हॉस्पिटलात हलकं काम कुठे ठेवलेलं असतं ते मी बघून आलो आहे.

मी जा म्हणालो तर ती जाईल. उठेल, वेणी घालेल, जाईल. तिने माझं ऐकलं नाही असं एकदाही झालेलं नाही. म्हणून मला जा म्हणता येत नाही. आणि जाऊ नको हे माझ्या तोंडातून निघत नाही. दोन-तीनदा दारापर्यंत गेलो. ती जागी होती. मी पाणी पिऊन परत आलो.

सोमवार, ३ एप्रिल

सकाळी अंथरुणात वर्षा नव्हती. नळावर नव्हती. संडासात नव्हती. दाराची कडी काढलेली. मी धावलो.

परत आलो तर पत्र्याच्या जिन्याच्या वर, गच्चीत उन्हाला बसली होती, केस धुऊन.

"नाना, अनवाणी कुठे गेला होता?"

सांगितलं नाही. दम लागला होता. तिने सरकून जागा दिली, बसलो.

म्हणाली, "मी जाणार नाही. आजही नाही, नंतरही नाही."

"बरं. लिहून द्यायला मी जातो."

त्यावर ती रडली. मग मीही.

तिला शोधायला मी किसनकडे गेलो नव्हतो. रिक्षा स्टँडवर नाही. हॉस्पिटलला फोन सुद्धा केला नाही. थेट रेल्वेच्या पटरीकडे गेलो होतो.